लोईस आजीची नातवंडं

बायबलच्या नव्या करारातलं, प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र तुरुंगातलं आहे. माणूस थकलेला, मरण समोर दिसतंय, बरोबरची माणसं एकेक करून निघून गेलेली. अशा वेळी तो आपल्या तरुण सहकाऱ्याला आठवण करून देतो ती त्याच्या आजीची. तुझ्यातला निष्कपट विश्वास आधी तुझी आजी लोईस हिच्यात होता, मग तुझी आई युनीके हिच्यात, आणि आता तो तुझ्यात आहे. सगळ्या नव्या करारात आजी म्हणून उल्लेख झालेली ही एकटीच बाई. तीमथ्याचे वडील ग्रीक होते, एवढं नव्या करारातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात कळतं. त्यांचं नाव मात्र कुठे नाही.

आमच्या मंदिरात, म्हणजे चर्चमध्ये, हे वचन पुष्कळदा ऐकायला मिळतं, विशेषतः कुणाची आजी गेली की. पण संदेश बहुधा पाचव्या ओवीपाशी, म्हणजे या वचनापाशीच, थांबतो. सहावी ओवी तिला लागूनच आहे: देवाचं जे कृपादान तुझ्यात आहे ते प्रज्वलित कर. राखेखालचा विस्तव फुंकून फुलवावा, तसं. आधी आजीचा विश्वास आणि लगेच पुढच्या श्वासात देवानं दिलेला गुण. पौलाला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नव्हत्या. मलाही त्या वेगळ्या काढता येत नाहीत, कारण आमच्या घरात विश्वास उपदेशातून आलाच नाही. तो गाण्यातून आला. ज्याला गाणं पोचलं त्याला विश्वासही पोचला, आणि जिथे गाणं अडलं तिथे विश्वासाचीही वाट अरुंद झाली.

आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यातलं. पणजोबा सनई वाजवायचे. गावगाड्यानं मातंगांच्या वाट्याला जी कामं लावून दिली होती, त्यात वाजंत्री होती. लग्नाचं पान सनईशिवाय हलायचं नाही, आणि सनईवाला मात्र मांडवाच्या बाहेर, पंगत उठल्यावर जेवायला. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ पासून सुरू होतं, पण खेड्यापाड्यांतल्या महार-मांग कुटुंबांनी मोठ्या संख्येनं बाप्तिस्मा घेतला तो १८७६-७८ च्या दुष्काळानंतर. त्याच ओघात आमचं घर ख्रिस्ती झालं. तेव्हा सनईचं काय करायचं, असा प्रश्न उभा राहिला. काही जुन्या मंडळींना वाटे की हे वाद्य जत्रेचं, देवदेवस्कीचं. बाप्तिस्मा घेतला, आता ते खाली ठेवावं. पणजोबांचं म्हणणं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं: "सूर ज्यानं दिला त्याच्याच घरात वाजवायला बंदी का?" शेवटी नाताळच्या पहाटे ते मंदिरात बसून वाजवू लागले. दाराशी नाही, आत. ज्या गुणासाठी त्यांना गावानं उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, तोच गुण घेऊन ते देवाच्या घरात मांडी घालून बसले. आमच्या घराण्याची सुरुवात मी तिथून धरतो.

आजोबा मिशनच्या शाळेत शिकले, पुढे मास्तर झाले. सनई त्यांच्याकडे आली नाही. त्यांच्याकडे पेटी आली. आठवडाभर मुलांना पाढे आणि बाराखडी, रविवारी त्याच खोलीत उपासना. पाळक महिन्यातून एखादे वेळी येणार, बाकीचे रविवार मास्तरांचेच. शास्त्र वाचायचं, प्रार्थना करायची, भजन सांगायचं. त्यांचं 'उपासना संगीत' माझ्याकडे आहे. खाकी कागदाचं वेष्टण, कडा तेलकट, पानं शिवणीतून सुटलेली. जवळजवळ प्रत्येक भजनाच्या शेजारी बारीक पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं: 'काळी दोन' (ही पेटीची पट्टी), 'संथ', 'ध्रुपद बायकांनी', 'ही चाल नको, जात्यावरची घ्यावी'. एका ठिकाणी नुसतं 'पाऊस' असं आहे. पावसासाठी केलेल्या प्रार्थनेत ते भजन घेतलं असावं. त्याच पानांवर माझ्या वडिलांचं निळं बॉलपेन आहे. त्यांचा आवाज खर्जातला, म्हणून त्यांनी 'काळी दोन' खोडून 'पांढरी एक' केलंय. आणि अलीकडे माझ्या भाच्यानं गिटारसाठी शब्दांच्या डोक्यावर इंग्रजी अक्षरांत कॉर्डच्या खुणा लिहिल्या आहेत. घरातल्या काही जणांना ते आवडलं नाही, 'आजोबांच्या पुस्तकावर' म्हणून. मला ते पान फार मोलाचं वाटतं. पुस्तक वापरात आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आजीला वाचता येत नव्हतं. पण एखाद्याने वाचताना शब्द चुकवला तर दुरुस्त तीच करायची. सगळं ऐकून पाठ. कित्येक स्तोत्रं, डोंगरावरचं प्रवचन, आणि भजनं तर किती, याचा कुणी हिशेब ठेवला नाही. संध्याकाळी दिवा लागला की घरची प्रार्थना. आजोबा पेटी पुढे ओढायचे, भात्याची कडी काढायचे, आणि सूर धरून ठेवायचे. सुरुवात आजी करायची. आम्हा नातवंडांना तिचा एकच दंडक होता: "कडवं गाळायचं न्हाई. ज्यानं लिहिलं त्यो काय येडा व्हता का?" झोप आलेली असायची, भूक लागलेली असायची, पण शेवटचं कडवं झाल्याशिवाय आमेन नाही. आज मला जी भजनं न बघता येतात ती सगळी त्या वेळेची. त्यांचा अर्थ पुढे कितीतरी वर्षांनी एकेक करून लागत गेला, काहींचा तर दवाखान्याच्या बाकावर बसलेलो असताना. शब्द आधीच आत जाऊन बसलेले होते, म्हणूनच अर्थाला येऊन टेकायला जागा मिळाली. मुलांना कळत नाही तोवर शिकवू नये, असं हल्ली म्हणतात. मला ते पटत नाही. कळेपर्यंत थांबलो तर पाठ व्हायचं वय निघून जातं.

या भजनांतली बरीच रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण एका घराचा गुण आणि विश्वास कसा हातोहात जातो, याचं मराठीत इतकं उघड्यावर आलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. टिळक १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. चित्पावन ब्राह्मण घर, बालपण संतवाणीत मुरलेलं. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी आपल्याकडे ख्रिस्ती भजनं नव्हती असं नाही. नगरचे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. पण मंदिरात गायची गीतं पुष्कळशी भाषांतरित, परदेशी चालींवर बसवलेली. शब्द मराठी, ठसका परका. टिळकांनी अभंग आणि ओवी यांनाच प्रभूच्या सेवेला लावलं. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असं ते सांगत. आमच्या आजीसारखी निरक्षर बाई शंभर वेळा न ऐकताही त्यांचं भजन उचलू शकली, ते त्यामुळेच. चाल तिला जात्यापासून ठाऊक होती.

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. लग्न होऊन आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती. नवरा ख्रिस्ती झाला, संसार फाटला, काही वर्षं दोघं दूर राहिली. मग त्या आपल्या पायांनी, आपल्या विचारानं आल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नवऱ्याचा विश्वास त्यांनी नवऱ्याचा म्हणून घेतला नाही. टिळकांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहायला घेतलं आणि थोडेच अध्याय करून १९१९ साली ते गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. मोठेपणी अक्षरं शिकलेल्या बाईनं! त्या १९३६ साली गेल्या, ग्रंथ बाहेर आला १९३८ साली, म्हणजे त्यांच्याही पश्चात. त्यांची 'स्मृतिचित्रे' आज सगळा महाराष्ट्र वाचतो. मुलगा देवदत्त यांनी आईवडिलांचं लेखन सांभाळलं, स्वतःही लिहीत राहिले, आणि नातू अशोक देवदत्त टिळक यांनी 'स्मृतिचित्रां'ची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. सुरू एकानं करायचं, पुरं दुसऱ्यानं, आणि नीट करून लोकांपुढे ठेवायचं तिसऱ्यानं. वारसा म्हणजे आजोबांसारखंच हुबेहूब काहीतरी करणं, अशी आपली समजूत असते. टिळकांच्या घरात प्रत्येकाचं काम वेगळं होतं.

त्यात आणखी एकजण होता, आणि तो रक्ताचा नव्हता. १९०७ साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. तिथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या एका पोरानं कविता म्हणून दाखवल्या आणि संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला 'बालकवी' ही पदवी दिली. टिळकही त्या संमेलनात होते. पुढे हा मुलगा नगरला त्यांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं. तो ख्रिस्ती झाला नाही. टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणतात. फुलं-झाडं-निर्झर यांच्याकडे बघायची ती कोवळी नजर त्या घरातून पुढे गेली ती बालकवींच्या कवितेत. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले, तिशीही उलटली नव्हती. देव गुण देतो तेव्हा तो आडनाव बघून देत नाही. कुणाच्या ताटात वाढलेलं कुणाच्या अंगी लागेल याचा नेम नसतो, म्हणून घराचं दार उघडं ठेवावं लागतं.

आता आत्याविषयी. ते लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

आमच्या घरातला सगळ्यात चांगला आवाज आत्याचा होता. आजोबा स्वतः म्हणायचे. पट्टी कितीही वर घ्या, ताण नाही, आणि खाली आली तरी शब्द स्पष्ट. जात्यावरच्या सगळ्या चाली आजीकडून तिनेच उचललेल्या. पण पेटीवर बसवलं ते माझ्या वडिलांना. मुलगी परक्या घरी जायची, तिला पेटी शिकवून काय करायचं, असं त्या काळी सगळेच म्हणत. लग्न झालं ते ख्रिस्ती घरातच, चांगल्या खात्यापित्या माणसांत. मात्र तिथे सुनेनं मोठ्यानं गाणं रुचत नव्हतं. मंदिरात बायकांच्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर गायचं तेवढंच. माहेरी आली की रात्री आजीच्या शेजारी पडून दोघी हळू आवाजात गायच्या, आम्ही पोरं ऐकत झोपायचो. आत्या गेली तेव्हा तिच्याबरोबर किती चाली गेल्या हे कोणाला सांगता येणार नाही. पेन्सिलीनं 'जात्यावरची घ्यावी' असं लिहिलेलं जे भजन आहे, त्याची ती चाल आज आम्हा कुणालाही येत नाही. आजोबांनी लिहून ठेवलं, कारण त्यांना वाटलं, घरात ती गाणारी आहे.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात धन्यानं चाकरांना रुपये वाटून दिल्याचा दृष्टान्त आहे. तिसरा चाकर रुपये जमिनीत पुरून ठेवतो आणि धनी परतल्यावर म्हणतो, मी भ्यालो. यावर बोलताना आळशी चाकरावर सगळा भर दिला जातो. मला आत्या आठवते. तिनं पुरलं नव्हतं. तिचं दान दुसऱ्यांनी पुरलं, आणि तेही देवभीरू माणसांनी, रोज प्रार्थना करणाऱ्यांनी. पिढीजात वारशाचं कौतुक करताना हा हिशेब आपण मांडत नाही. किती घरांत अर्धा वारसा फक्त ती मुलगी होती म्हणून थांबला असेल. जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं काम हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत केलं आणि एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. ही सगळी बायकांची मिळकत, आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे गेलेली. गिरणी आली, दळणाचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण पहाटेची ती एकत्र बसायची वेळही गेली. तिच्या जागी दुसरी वेळ आपण ठरवली नाही.

वेळेचंच बघायचं तर पंडिता रमाबाईंची गोष्ट आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवायचं ठरवलं, त्याबद्दल त्यांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला. ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तिथे १८५८ साली रमाबाई जन्मल्या. त्यांना संस्कृत शिकवलं आईनं, पहाटे, घरची कामं सुरू व्हायच्या आधी, झोपाळू पोरीला कुशीत घेऊन. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत. पुढे दुष्काळात आईवडील अन्नाविना गेले. ज्या देवांची पारायणं करीत हे घर गावोगाव हिंडलं, त्यांच्यावरची श्रद्धा रमाबाईंच्या मनातून ओसरली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

अनंतशास्त्रींना हे कधीच मान्य झालं नसतं. पण त्यांनी आणि लक्ष्मीबाई डोंगऱ्यांनी लेकीत जे पेरलं ते वाया गेलं का? भाषेची ती तालीम, पाठांतराची ती ताकद, शब्दाच्या मुळापर्यंत जायची सवय, हे सगळं रमाबाईंनी शेवटची कितीतरी वर्षं पवित्र शास्त्राच्या भाषांतरात घातलं. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, सामान्य बाईला कळेल अशा मराठीत आणलं. केडगावच्या मुक्ती सदनात छापखाना होता, तिथल्या बायका-मुलींनी खिळे जुळवले. एकुलती लेक मनोरमा आईच्या कामाला जुंपून घेतलेली, ती १९२१ साली आईच्या आधी गेली. दुसऱ्या वर्षी रमाबाई गेल्या. भाषांतर १९२४ साली छापून पूर्ण झालं. रक्ताची ओळ तिथे खुंटली म्हणायची, पण खिळे जुळवणाऱ्या त्या मुलींच्या नातवंडांपैकी कुणीतरी आजही शास्त्र वाचत असेल.

रमाबाईंच्या आईवडिलांकडे मी हल्ली जास्त वेळा वळतो. कारण माझी लेक पुण्यात शिकते आणि रविवारी मंदिरात जातेच असं नाही. तिचे प्रश्न साधे नाहीत. दुःखाबद्दलचे आहेत, जातीबद्दलचे आहेत. ख्रिस्ती होऊनही आपल्या लोकांत लग्नाच्या वेळी जुनी जात विचारतात, ते का, असं तिनं मला जेवताना विचारलं. मी म्हणालो, पाप आहे म्हणून विचारतात. ती म्हणाली, "मग हे पाप मंदिरात कुणी बोलत का नाही, पप्पा?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी ते बनवून दिलं नाही. नातेवाईक म्हणतात, पोरगी हातची चालली. मला तसं वाटत नाही. पणजोबांनीही असाच प्रश्न विचारला होता, आणि प्रश्न विचारूनच ते मंदिरात आत आले होते. शिवाय ही मुलगी घरी आली की पहिली पेटी उघडते. आवाज आत्याचा आहे. हे मी तिला सांगितलंय, आणि आत्याचं सगळं, गाळून नव्हे, सांगितलंय.

भाचा तिच्याहून लहान. त्याला कीबोर्ड येतो, गिटार येते, मंदिरातल्या तरुण संघात तोच वाजवतो. आता शब्द पडद्यावर येतात, पुस्तक कुणी आणत नाही. हिंदी-इंग्रजी गीतं जास्त, मराठी भजन एखादं, तेही दोन कडव्यांत आटोपतं. मराठी शब्द रोमन लिपीत लिहून घेणारीही मुलं आहेत. त्यांना बोलून काही साधत नाही, त्यांच्या शेजारी बसावं लागतं. म्हणून सुट्टीत संध्याकाळची प्रार्थना मी पुन्हा सुरू केली आहे, पेटीसकट. भाच्याला आधी डावा हात जमेना. कीबोर्डला भाता नसतो, त्यामुळे बोटं बरोबर पडत आणि हात विसरे, की सूर मधेच बसायचा. मी त्याचा डावा पंजा धरून भाता मागेपुढे हलवत राहिलो, जसा आजोबांनी वडिलांचा धरला असेल. काही दिवसांनी हात आपोआप चालू लागला. मग तो मानेनंच खुणावून म्हणाला, सोडा मामा.

या नाताळात दोघांनी मिळून टिळकांचं एक भजन बसवायचं घेतलंय. भाच्याला लय वाढवायची आहे, गिटार आणि ढोलक घ्यायचंय. आमच्या थोरल्या मंडळींची त्यावर कुरकुर सुरू झाली आहे. मी एकच अट घातली होती, सगळी कडवी गायची. लेकीनं ती अट माझ्या तोंडून पुरी व्हायच्या आतच कबूल केली आणि म्हणाली, सगळे नेमकं चौथंच का गाळतात, तेच तर या भजनातलं खरं भांडण आहे देवाशी. ते कडवं ती एकटी म्हणणार आहे. पट्टी अजून ठरायची आहे. तिला काळी चार हवी आहे, भाच्याला गिटारवर ती जड जाते. शनिवारी पुन्हा बसणार आहोत.